जुना संगणक : खोडवा ठेवावा की मोडावा ?



मागील वार्षिक सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत एक सभासद उभे राहिले आणि म्हणाले, "गट कार्यालयातलं ते डबडं कधी बदलणार? नोंद द्यायला गेलं की चहा पिऊन येईस्तोवर ते चालूच होत नाही." सभेत हशा पिकला. लगेच मागच्या रांगेतून दुसऱ्यांनी विचारले, "आमच्या घरी बी तसलंच एक हाय. पोरीच्या शिक्षणासाठी घेतलेलं. ते भंगारात द्यावं का दुरुस्त करावं, तेवढं बी सांगा." मा. अध्यक्षांनी आमच्याकडे पाहिले व अभ्यास करून वार्तापत्रात लिहा, असे सांगितले. म्हणून या महिन्यात हुमणी बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

आम्ही काही संगणकातले तज्ज्ञ नव्हे. कृषी पदविका घेऊन शेतकी खात्यात आलेला माणूस. बेणे, बेसल डोस, बाळबांधणी हा आमचा प्रांत. परंतु गट कार्यालयांतील संगणकांची देखभाल कोणालाच नको होती, ती फिरत फिरत शेतकी विभागाच्या गळ्यात आली. आणि एक चूक अशी घडली की आम्हांस हे शिकावेच लागले. ती चूक आधी सांगतो, कारण बाकीचे सगळे तिच्यातूनच निघाले आहे.

२०२० च्या ऑक्टोबरातील पूर्वहंगामी लागणी. परतीच्या पावसाने त्या महिन्यात आपल्याकडे काय केले ते आपणांस आठवत असेल. आपल्या एका गट कार्यालयात दोन दिवस वीज नव्हती, इंटरनेट तर आठवडाभर नव्हते. वीज आल्यावर लिपिकाने संगणक चालू केला व साचलेल्या चौदा सभासदांच्या ऊस नोंदी भरून पावत्या दिल्या. त्या संगणकाचे घड्याळ मात्र वीज जाताच मागे पळाले होते. ते १ जानेवारी २०१२ दाखवीत होते. नोंदीची तारीख कार्यक्रम आपोआप घड्याळावरून घेत असे. म्हणजे चौदा सभासदांचा ऊस कागदोपत्री २०१२ साली लागला. पावतीवरही तीच तारीख छापली गेली. लिपिकाने पाहिली नाही, सभासदांनी पाहिली नाही, आणि महिनाअखेरच्या यादीवर सही करताना आम्हीही पाहिली नाही.

२०२१-२२ च्या हंगामाचा तोडणी कार्यक्रम काढला तेव्हा संगणकाने त्या हंगामाच्याच नोंदी उचलल्या. ही चौदा नावे यादीत आलीच नाहीत. जानेवारीत एक सभासद कार्यालयात आले, पावती टेबलावर ठेवली व एवढेच म्हणाले, "शेजाऱ्याची लागण माझ्यानंतर आठ दिवसांची. त्याचा ऊस गेला. माझी तोडचिठ्ठी कुठं अडली ते बघा साहेब." तो हंगाम कसा होता हे मराठवाड्यात कोणास सांगायला नको. ऊस अमाप, टोळ्या अपुऱ्या, कारखाने जून २०२२ पर्यंत चालले. मधेच नवीन नावे घुसवायला जागा नव्हती. चौदापैकी काहींचा ऊस एप्रिलअखेर तुटला, तोवर तुरा येऊन कांडी पोकळ झाली होती. जे वजन घटले ते सभासदांचे घटले. कार्यालयाचे काही घटले नाही.

याचे मूळ काय निघाले? संगणकाच्या आत मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो. त्यावर सीआर २०३२ असे लिहिलेले असते. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणे हे त्याचे काम. तो चार-पाच वर्षे टिकतो, कधी जास्त. आमचा सेल आठ वर्षे झाले तरी कोणी बदलला नव्हता. किंमत चाळीस रुपये.

तेव्हा जुन्या संगणकावर खर्च करताना पहिला खर्च हा. वेग वगैरे सगळे नंतर.

आधी परीक्षण, मग खत

माती तपासल्याशिवाय खताची गोणी फोडू नका, असे आम्ही इतकी वर्षे आपणांस सांगत आलो. संगणकाचेही तेच. दुकानदाराला "हळू चालतो" एवढेच सांगितले तर तो जे खपायचे आहे ते देतो. लातूरच्या बाजारात एका दुकानदाराने आम्हांस सांगितले, की प्रोसेसर बदला आणि चांगले ग्राफिक्स कार्ड टाका. ऊस नोंदीच्या कामाला ग्राफिक्स कार्ड! म्हणजे सुरू उसाला केळीचे बेणे.

घरच्या घरी तपासायचे असेल तर विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप ही तीन बटणे एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स या भागात प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांचे आलेख दिसतात. नेहमीचे काम चालू ठेवून पाच मिनिटे नुसते बघत बसावे. जो आलेख शंभराला टेकून राहतो, तिथे नाडी आवळली आहे असे समजावे. आमच्या सातही गट कार्यालयांत प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर आरामात होता. डिस्क मात्र शंभर, आणि मेमरी काठोकाठ.

हे कारखान्याच्या भाषेत सांगितले तर लगेच कळेल. प्रोसेसर ही आपली मिल. हार्ड डिस्क म्हणजे शिवारातला ऊस, जिथे सगळा माल उभा असतो. आणि रॅम म्हणजे यार्ड व गव्हाण, जिथे मिलच्या तोंडाशी माल तयार ठेवतात. मिल अडीच हजार टनांची आहे, पण यार्डात चारच गाड्या मावतात आणि शिवारातून येणारी प्रत्येक गाडी चिखलात रुतते, तर मिल 'नो केन' होऊन उभी राहणारच. अशा वेळी मिलची क्षमता वाढवा म्हणणाऱ्यास संचालक मंडळ काय म्हणेल? तोच न्याय इथे लावावा.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटास ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात व एक बारीक दांडी त्यांवरून माहिती शोधत पुढेमागे सरकते. प्रत्येक लहान तुकडा शोधायला सेकंदाचा शंभरावा भाग जातो. ऐकायला थोडा वाटतो. पण संगणक सुरू होताना असे हजारो तुकडे गोळा करावे लागतात. नव्या पद्धतीच्या एसएसडीत फिरणारे काहीच नसते, सगळे चिपांवर. तिथे हाच वेळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास येतो. शिवाय रॅम कमी पडली की संगणक डिस्कचाच कोपरा यार्ड म्हणून वापरू लागतो, आणि आधीच रुतलेल्या रस्त्यावर आणखी गाड्या येतात. म्हणून या दोन वस्तू मिळून विचारात घ्याव्यात.

आम्ही काय केले

२०२४ च्या उन्हाळ्यात, गाळप संपल्यावर, आम्ही हे काम हाती घेतले. संगणक सगळे २०१२-१३ साली घेतलेले, इंटेल आय-३ तिसऱ्या पिढीचे, २ जीबी रॅम व ५०० जीबी हार्ड डिस्क असलेले. तीन दरपत्रके रीतसर मागविली. नव्या संगणकाचे दरपत्रक जीएसटी धरून एक्केचाळीस हजारांच्या घरात आले, तेही एका नगाचे. जुन्या एका संगणकावर प्रत्यक्ष झालेला खर्च असा : २५६ जीबी एसएसडी १,७५०, रॅम ८ जीबी १,३००, यूपीएसची १२ व्होल्टची बॅटरी १,०५०, एसएसडी बसवायची पट्टी १२०, प्रोसेसरवरची पेस्ट १५०, सेल ४०, मजुरी ५००. एकूण ४,९१० रुपये. सातपैकी सहा संगणकांवर हा खर्च केला, म्हणजे २९,४६० रुपये. सातव्याचे पुढे सांगतो.

हे भाव त्या वर्षीचे. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव जगभर चढले आहेत, एसएसडीचेही. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या मोठमोठ्या केंद्रांकडे चिपा वळल्याने हे झाले. तेव्हा जुना आकडा धरून दुकानात जाऊ नका, त्या दिवशीचा भाव विचारा. पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर एसएसडी आधी घ्यावी. मात्र रॅम २ जीबीच असेल तर ४ तरी करावी, नाही तर एसएसडीचा निम्मा फायदा वाया जातो.

सुरुवात खर्चाने नाही, नकलेने केली. आधी सगळ्या नोंदी, नकाशे, याद्या दोन ठिकाणी उतरवून घेतल्या. एक प्रत मुख्य कार्यालयात, एक गट अधिकाऱ्याच्या कपाटात. खोडव्याचे बुडखे छाटण्याआधी बेण्याचा प्लॉट वेगळा राखतो ना, तसे. डिस्क टकटक असा आवाज करीत असेल तर तिला दुसरे काहीही काम देऊ नये, आधी नक्कल.

मग पेटी उघडली. वायर काढून, भिंतीचे बटन बंद करून. आतल्या भागांना हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात टेकवावा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगात साठलेली स्थिर वीज चिपेला मारू शकते. पेटीत काय निघाले! काळ्या मातीची धूळ, यार्डातला भुस्सा, आणि एका कार्यालयात पालीची अंडी. पंख्यावर बोटभर थर. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाही तर ते वाऱ्याने गरगर फिरून बिघडते. प्रोसेसर आणि त्यावरचा पंखा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, ती वाळून खडूसारखी झाली होती. पुसून नवीन लावली. नुसत्या एवढ्यानेच मे महिन्यात दुपारी आपोआप बंद पडणारे दोन संगणक सुधारले. ज्यांच्याकडे आज एक रुपयाही नाही त्यांनी निदान धूळ तरी काढावी.

रॅम घेताना जपावे. तिच्या डीडीआर२, डीडीआर३, डीडीआर४ अशा पिढ्या आहेत आणि एकीची दुसरीच्या खोबणीत बसत नाही. मधली खाच वेगळ्या जागी असते. आम्हांस एकदा डीडीआर४ ची पट्टी हाती दिली गेली आणि नांदेडहून पुन्हा एक हेलपाटा झाला. सोपा उपाय असा, की जुनी पट्टी काढून कागदात गुंडाळून सोबतच न्यावी. आणखी एक गोष्ट. विंडोज ३२ बिटची असेल तर ४ जीबीच्या वरची रॅम ती वापरूच शकत नाही. आधी ६४ बिटची बसवावी, मग रॅम वाढवावी.

एसएसडी मात्र जुन्या संगणकातही सहसा बसते. हार्ड डिस्कच्याच साटा वायरीवर अडीच इंची एसएसडी चालते. जुन्या पट्टीवर ती पूर्ण वेगाने धावत नाही, तरी फरक डोळ्यांत भरतो. आमच्या एका गट कार्यालयात बटन दाबल्यापासून नोंदीचा पडदा येईपर्यंत आधी सहा मिनिटे लागत, आता एक मिनिट पुरे होते. मात्र आठशे रुपयांत दोन हजार जीबी असली जाहिरात दिसली तर पुढे चालावे. ती खोटी असते. आत लहानसा तुकडा असतो, तो भरला की आधीची माहिती गिळतो. पावती व हमीपत्र घेतल्याशिवाय एसएसडी घेऊ नये.

विजेविषयी आपल्याकडे वेगळे सांगायला हवे. मोटारीच्या स्टार्टरला आपण अर्थिंग करतो, पण संगणकाला तीन पिनांचा प्लग असून तिसरी पिन कशालाच जोडलेली नसते. पेटीला हात लावला की झिणझिण्या येतात त्या यामुळे. एप्रिल-मेमध्ये काळी जमीन भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि असलेले अर्थिंगही निकामी होते. आठवड्याला घागरभर मिठाचे पाणी त्या खड्ड्यात ओतावे. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांनी मरते, पण दिवा लागतो म्हणून ती जिवंत आहे असे आपण समजतो. महिन्यातून एकदा मुख्य बटन बंद करून पाहावे. पाच मिनिटे तग धरली नाही तर बदलावी.

वारणेचे उदाहरण

सहकारी साखर कारखान्यात जुन्या संगणकांचा प्रश्न काही आपल्यालाच पडला असे नाही. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ साली केंद्र व राज्य शासनाच्या मदतीने सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. देशभर त्याचे नाव झाले. गावागावांत संगणक बसले. उसाच्या नोंदी, तोड, वजन, खताचा हिशोब यांसाठी सभासद तिथे जाऊ लागले. पुढे संगणक जुने झाले, देखभाल महाग पडू लागली. तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या भारतातील संशोधन विभागाच्या लोकांनी तिथे वेगळाच विचार केला. नवे संगणक द्यावेत की जुने दुरुस्त करावेत, हे ठरवण्याआधी त्यांनी पाहिले, की या यंत्राकडून सभासद प्रत्यक्षात काय घेतात? तर थोडीशी माहिती पाठवणे आणि थोडीशी मागवणे, बस्स. तेवढे काम मोबाईलच्या संदेशाने करून पाहिले. सात गावांत आठ महिने हा प्रयोग चालला. संगणकाचे सर्व काम संदेशाने झाले, खर्च कमी आला आणि सभासदांनाही तेच अधिक पसंत पडले. २००७ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला.

आम्ही हे वाचले आणि आपल्या सातव्या संगणकाकडे पाहिले. त्याच्या मदरबोर्डवरचे चार कपॅसिटर, म्हणजे लहान डब्यांसारखे भाग, डोक्यावर फुगले होते व एकातून चिकट द्रव आला होता. गवताळ वाढ झालेल्या बेटासारखे हे आहे. अशा प्लॉटचा खोडवा ठेवू नये, कितीही खत टाका. त्या गटातले काम तपासले तर नोंद टॅबवर शेतातच होते, कार्यालयात फक्त पावती छापायची व यादी बघायची. तेवढ्यासाठी एक्केचाळीस हजार कशाला? तिथे टॅब व एक साधा प्रिंटर ठेवला, संगणक मोडीत काढला. त्याची चांगली निघालेली रॅम दुसरीकडे नांग्या भरायला कामी आली.

विंडोजचे काय ?

हा प्रश्न आता टाळता येत नाही. विंडोज १० ची मोफत सुरक्षा दुरुस्ती कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळण्याची सोय ठेवली आहे. विंडोज ११ ला साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर व टीपीएम नावाची सुरक्षेची सोय लागते. म्हणजे आमचे आय-३ तिथे नापास. काही दुकानदार पळवाटेने बसवून देतात. ते आम्ही केले नाही, कारण त्या मार्गाने पुढची दुरुस्ती मिळेलच याची कंपनी खात्री देत नाही, आणि सभासदांच्या बँक खात्यांचे क्रमांक त्या यंत्रावर असतात.

आम्ही लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसविली. ती पेनड्राइव्हवरून नुसती चालवून पाहता येते, आवडली तरच बसवावी. आपला नोंदीचा कार्यक्रम ब्राउझरमध्ये चालतो, त्यामुळे अडले नाही. मराठीही इन्स्क्रिप्ट पद्धतीने नीट टाईप होते. अडचण आली ती जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेल्या पत्रांची. ती युनिकोडमध्ये नसल्याने अक्षरांचा कचरा दिसतो. त्या फाईली मुख्य कार्यालयातून बदलून घेतल्या. ज्यांचा कार्यक्रम फक्त विंडोजवरच चालतो त्यांनी हा उद्योग करू नये. पहिल्या महिन्यात लिपिकांनी कुरकुर केली, नाही असे नाही.

आता घरच्या संगणकाविषयी. मुलीला व्याख्याने बघायची, अर्ज भरायचे, टाईप करायचे एवढेच असेल आणि यंत्र डीडीआर३ किंवा पुढचे असेल, तर एसएसडी व रॅम टाकून तो दोन-तीन वर्षे सहज चालेल. डीडीआर२ असेल तर हात लावू नका, धूळ काढून जेवढा चालेल तेवढा चालवा. आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर जात असेल तर खोडवा मोडावा. अशा वेळी कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले, तपासून विकले जाणारे संगणक पाहावेत. आठव्या पिढीच्या पुढचा प्रोसेसर व निदान सहा महिन्यांची लेखी हमी असेल तरच घ्यावा. पडदा, कीबोर्ड जुनेच वापरा, त्यांत काही वाईट झालेले नसते.

काढलेली हार्ड डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. नाव पुसले म्हणजे माहिती जात नाही, जाणकार ती परत काढतो. आधार, सातबारा, पासबुकांच्या छायाप्रती त्यात असतात. आम्ही सहाही डिस्क वर्षभर कपाटात राखून, नकला तपासून, मग वर्कशॉपमध्ये ड्रिलने आरपार भोके पाडली व राहिलेला सांगाडा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे पाठविला.

सर्व गट कार्यालयांत आता दर जूनमध्ये सेल बदलला आहे की नाही याची नोंद भिंतीवरच्या तक्त्यावर होते. आणि पावती देताना तारीख मोठ्याने वाचून दाखवावी, असे लिपिकांना सांगितले आहे. कोणी वाचली नाही तर सभासदांनी टेबलावरून उठू नये. चालू हंगामाच्या ज्या पावत्या आपल्याकडे आहेत त्या आजच काढून लागणीची तारीख, गट नंबर व उसाची जात पाहाव्यात, आणि चूक दिसल्यास तोडणी कार्यक्रम लागण्यापूर्वी आपल्या गट अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी.

खोडव्यातील पाचट कुजविण्यासंबंधीचा लेखाचा उत्तरार्ध जागेअभावी पुढील अंकी देत आहोत.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग